अण्णांच्या पायाला काही होत नाही

आमच्या गल्लीतल्या पोरींमध्ये वडिलांवरून फुशारकी मारायची चढाओढ असायची. शोभाचे वडील जिनिंगमध्ये मुकादम होते. त्यांनी शिट्टी फुंकली की कापूस निवडणाऱ्या बाया एकदम हात थांबवायच्या. नसीमचे अब्बा एस.टी.त कंडक्टर, त्यांच्याजवळ तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता आणि तो कधीमधी आम्हाला हातात धरायला मिळायचा. माझे वडील ट्रक ड्रायव्हर. आता मानवतसारख्या कापसाच्या गावात ट्रक ड्रायव्हर म्हणजे पैशाला पासरी. नुसतं ‘आमचे अण्णा ट्रक चालवतात’ म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नसे. पण माझ्याजवळ हुकमाचं पान होतं आणि ते मी शेवटी टाकायचे. "आमच्या अण्णाच्या पायात सुई टोचली तरी त्यांला कळत न्हाई." मग सगळ्या गप्प व्हायच्या. आणि हे खोटं नव्हतं, हीच तर त्यातली गंमत होती.

आम्ही जिनिंगच्या मागच्या अंगाला दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायचो. कापसाच्या दिवसांत घराला स्वतःचा रंगच उरायचा नाही. पत्र्यावर, दोरीवरच्या लुगड्यांवर, माठाच्या फडक्यावर, इतकंच काय मायच्या भुवयांवरही रुईचे तंतू बसलेले असायचे. सकाळी मशीन सुरू झाली की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची आणि संध्याकाळी ती बंद झाली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. अण्णा इथून रुईच्या गाठी भरून इचलकरंजीला न्यायचे, दुसऱ्या एखाद्या खेपेला आणखी कुठे. येताना सिमेंट नाहीतर लोखंड घेऊन यायचे. चार दिवसांनी, कधी सहा दिवसांनी घर दिसायचं. ते आल्याचं मायला आमच्या आधी कळायचं. गावात शिरताना अण्णा गिअर बदलायचे, तो आवाज ती पन्नास गाड्यांमधून वेगळा काढायची. "आले," एवढंच म्हणायची आणि चुलीवर तवा टाकायची. मग धपाट्यांचा खमंग वास, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. बाहेरचं खाऊन खाऊन अण्णांची जीभ मेलेली असायची, तिला जिवंत करायचा विडाच मायनं उचललेला होता.

अण्णा दारात आले तरी लगेच खाली बसत नसत. चौकटीला दोन्ही हात लावून थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि पाठ सोडवायचे. मणके कडाकडा वाजायचे. उजवा हात खिडकीतल्या उन्हानं काळाठिक्कर पडलेला आणि डावा गव्हाळ. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाच सदऱ्यात घातले असावेत असं वाटायचं. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून महत्त्वाचं काही सांगायचं असलं की डावीकडे जायचं आणि परीक्षेत कमी मार्क पडले असले की उजवीकडे. डोळे कायम लाल. या सगळ्याची मला काळजी वाटायला हवी होती, असं आज वाटतं. तेव्हा फक्त अचंबा वाटायचा. एवढी मोठी गाडी, एवढा मोठा रस्ता, आणि तो रस्ता ज्याच्या अंगावर खुणा करून गेलाय असा माणूस आमच्या घरी जेवायला येतो, माझ्या ताटातली चटणी उचलतो, याचंच मला अप्रूप होतं.

आणि पाय. अण्णा गाडी अनवाणी चालवायचे. गाडीत चढण्याआधी चपला काढून सीटखालच्या पेटीत ठेवायच्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच आत पाय टाकायचा. त्या काळचे बरेचसे ड्रायव्हर असंच करायचे. गाडी लक्ष्मी आहे, हे एक कारण. दुसरं अण्णा मला समजावून सांगायचे. "बाई, गाडी पायासंगं बोलती. टायरातली हवा कमी झाली, बेअरिंग गरम झालं, समदं आधी तळपायाला कळतंय. चप्पल घातली की तिचं बोलणं बंद." मला बाई म्हणायचे ते, लाडानं. त्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी असायचं आणि उन्हाळ्यात केबिनचा पत्रा असा तापायचा की त्यावर भाकरी शेकावी. त्या पत्र्यावर अण्णांचे उघडे पाय दिवसदिवस टेकलेले असायचे. म्हणजे ते पाय भाजत होते, हे सरळ आहे. पण घरात कुणी तसं म्हणत नसे. आम्ही म्हणायचो, अण्णांचे पाय कसदार आहेत.

जेवण झालं की पाय चेपायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा सहावीत असेन. एका दुपारी टाचेजवळ बोटाला काहीतरी टोकदार लागलं. बघते तर बाभळीचा काटा, अख्खा आत गेलेला, नुसतं बूड बाहेर. मी ओरडले, "अण्णा, काटा!"

"कुठं?"

"तुमच्या पायात."

"असंल की," असं म्हणून अण्णा मायला पुढे सांगायला लागले की सोलापूरकडे यंदा कसा पाऊस झालाय. मी पिन घेतली, कोरलं, ओढून काटा बाहेर काढला. बोटाच्या पेराएवढा लांब होता. मागून रक्त आणि थोडं पिवळं पाणी आलं. अण्णांचं बोलणं एका शब्दानंही अडलं नाही. मी तो काटा त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "रस्त्यानं भाजून काढलेत बाई हे पाय. पक्की वीट झाली. विटंला काटा टोचतो का कुठं?"

त्यानंतर मग खेळच झाला. अण्णा घरी असले की गल्लीतल्या पोरी ओट्याशी जमायच्या. अण्णा चहा पीत बसायचे, डोळ्यांवर टॉवेल टाकायचे, आणि एकेक पोर येऊन त्यांच्या तळव्याला सुईचं टोक लावायची. "टोचलं का?" "अजून कुणी आलंच न्हाई की," अण्णा म्हणायचे. पोरी किंचाळायच्या. नसीमनं तर एकदा कोरडं गवत घेऊन बोटांमध्ये गुदगुल्या केल्या, तरी पाय हलला नाही. मी बाजूला कमरेवर हात ठेवून उभी, जसं काही ते पाय मीच घडवले होते. फक्त मायला हा खेळ आवडत नसे. ती आतून ओरडायची, "अंग हाय का खेळणं हाय ते? जितं कातडं बोंब मारतंय. गप बसलेल्या कातड्याला भ्यावं माणसानं." अण्णांच्या उजव्या कानाला ते ऐकू जायचं नाही, आणि डाव्या कानाला ऐकायचं नसायचं.

मायला आणखीही काही दिसत होतं. अण्णा घरी आले की माठ रिकामा व्हायचा. रात्री चारचारदा उठायचे. ते मोरीत जाऊन आले की थोड्या वेळानं तिथे मुंग्यांची रांग लागायची, आणि माय ती बघत उभी राहायची. रस्त्यावर हॉटेल दिसलं की चहा, आणि चहा असा गोड की चमचा उभा राहावा. झोप उडवायला तोच एक उपाय, असं ड्रायव्हर लोकांचं म्हणणं. आज मला स्वतःला साखर आहे. चाळीस वर्षं शाळेत उभी राहून शिकवलं, आता रोज संध्याकाळी खुर्चीत बसून हातातला आरसा पायाखाली धरते आणि तळवे बघते. सून हसते, म्हणते, आई पायाला टिकली लावायलात का? हसू दे. आरसा धरला की मला त्या तळव्यांच्या जागी दुसरे तळवे दिसतात, हे तिला सांगून कळायचं नाही.

अण्णांच्या गाडीवर क्लीनर होते करीमचाचा. क्लीनर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोरसवदा कुणी येतं. चाचा अण्णांपेक्षाही मोठे, दाढी पांढरी. एके काळी तेच स्टिअरिंगवर बसायचे आणि अण्णा त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे एका डोळ्यात फूल पडलं तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच गाडीची किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता डावीकडे बसेन. उस्ताद शागिर्दाच्या हाताखाली बसला, म्हणून लोक हसले असतील. अण्णा मात्र अखेरपर्यंत गाडी सुरू करण्याआधी त्यांच्याकडे बघायचे आणि चाचांनी मान हलवली की मगच चावी फिरवायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मंठ्याकडे मामाच्या गावी गेले होते. अण्णा जालन्याहून सिमेंट भरून येणार होते, त्यांनी मला वाटेत उचललं. ट्रकच्या केबिनमध्ये बसून असा लांबचा प्रवास मी पहिल्यांदाच करत होते. मधे मी, डावीकडे चाचा, उजवीकडे अण्णा. तिथून रस्ता एवढा खाली दिसतो, बैलगाड्या, सायकली, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया सगळं इतकं लहान दिसतं, की मला बोलायचंच सुचेना. अण्णा एका हातानं ते एवढं मोठं चाक फिरवत होते. समोरून एस.टी. आली की दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर जागा राहायची, माझे डोळे आपोआप मिटायचे, आणि उघडेपर्यंत अण्णांचं गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. मीही त्यांच्यासारखी चप्पल काढून बसले होते. पाय खाली पत्र्यावर टेकवला आणि चटकन वर ओढला. भाजलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. अण्णांचा पाय त्याच पत्र्यावर शांत होता. त्या क्षणापासून मी रस्त्याकडे बघायचं सोडलं आणि अण्णांच्या पायांकडेच बघत राहिले. देवळात गेल्यावर बघावं तसं.

देवगाव फाट्यावर गयाबाईचं चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे लिंबाचं मोठं झाड, झाडाखाली पाण्याचा रांजण आणि एक लाकडी बाकडं. अण्णांची तिथे थांबायची एक रीत होती, ती बघायला लोक चहाचा घोट तोंडात धरून बसायचे. भरलेली गाडी ते सावकाश झाडाकडे आणायचे आणि बंपर रांजणापासून बरोब्बर वीतभर लांब असताना थांबवायचे. धक्का नाही, किंचाळणं नाही. "आला बगा आमचा इंजिनेर," गयाबाई म्हणायची आणि मोठ्या ग्लासात चहा ओतायची. त्या दिवशी झाडाच्या खालच्या फांदीला तिनं झोळी बांधलेली होती. तिची लेक बाळंतपणाला आली होती, तिचं लेकरू झोळीत होतं. बाकड्यावर तिघेचौघे बसलेले.

मी अण्णांच्या पायाकडे बघत होते, म्हणून जे झालं ते मी बघितलं. पाय उचलला. ब्रेककडे गेला. ब्रेकच्या कडेला नुसता घासून तो पलीकडे, ॲक्सिलेटरवर उतरला आणि त्यानं दाबलं. इंजिन ओरडलं. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. अण्णांना वाटलं ब्रेक लागत नाही, म्हणून त्यांनी सगळा जोर लावून आणखी दाबलं. रांजण फुटल्याचा आवाज आला, बाकड्यावरची माणसं उडी मारून पळाली, बाकड्याच्या फळ्या मोडल्या. चाचांनी माझ्या अंगावरून झेप घेऊन हँडब्रेक ओढला, आणि त्याच वेळी बंपर लिंबाच्या खोडावर आदळला. गाडी बंद पडली. सगळं झाड हाललं. झोळी मागे गेली, परत आली, समोरच्या काचेला लागली आणि पुन्हा मागे गेली. कापडावर पिवळी फुलं होती. आमच्या आणि त्या फुलांच्या मधे फक्त काच होती.

लेकरू झोपलेलंच राहिलं. गयाबाईनं धावत येऊन त्याला उचललं, उलटंपालटं करून बघितलं, आणि काही झालं नाही हे कळल्यावर ती ओल्या मातीतच बसली. कुणीतरी ओरडलं, "ब्रेक फेल! ब्रेक फेल झाला!" आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. दुसरं काही असू शकतं असं कुणाच्या मनातच येईना. गाडीवर साक्षात आमचे अण्णा होते ना. अण्णा खाली उतरले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "चाचा, देवाशप्पत, दाबला व्हता मी ब्रेक. समदा जोर लावून दाबला व्हता." हे ते चारपाच वेळा म्हणाले. गयाबाईपुढे जाऊन हात जोडले, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

लोक पांगल्यावर चाचा गाडीत चढले, गाडी सुरू करून दहा हात मागे घेतली, ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुन्हा पुढे, पुन्हा ब्रेक. पुन्हा थांबली. मग खाली येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, ब्रेक तो अच्छी है. तू बीच में बैठी थी. पाँव कहाँ था तेरे अण्णा का? देखी क्या तू?"

मी म्हणाले, "न्हाई."

का म्हणाले, याचा मी पुढे आयुष्यभर विचार केला. अण्णांना वाचवायचं होतं, असं म्हणायला छान वाटतं. पण खरं सांगायचं तर अण्णांचा पाय चुकू शकतो हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. माझे डोळेच चुकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. चाचा माझ्याकडे बघत राहिले, त्या एका चांगल्या डोळ्यानं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. मानवतपर्यंत गाडी चाचांनीच हळूहळू आणली. पोचल्यावर ते आधी मालकांकडे गेले आणि सांगितलं की याच्या पायाला काही कळत नाही, याला साखर असावी, माझ्या सख्ख्या भावाचं असंच झालं होतं. मालक माणूस वाईट नव्हता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, परभणीला डॉक्टरला दाखवा, पाय ठीक आहेत असा कागद आणा आणि गाडी घेऊन जा. कागद नाही तर स्टिअरिंग नाही.

घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. अण्णा चाचांवर चिडले होते आणि चिडणं जमतही नव्हतं, कारण चाचा रोज दोनदा येऊन ओट्यावर बसून जात. त्यांनीच सांगून ठेवलं, तपासणी कशी असते. आँखाँ बंद करने को बोलते. रुई लगाते पाँव को. लगा तो हौ बोलने का. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं, आणि दुसरं काही करावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. स्टिअरिंग गेलं की ते कोण उरणार होते? मला तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण दाराच्या चौकटीला हात लावून उभं राहिलेलं ते माणूस बघून कळत होतं.

परभणीला जाताना अण्णांनी मला बरोबर घेतलं. एस.टी.त माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "बाई, एक काम करशील? मी डोळे झाकल्यावर तू माझा हात धरून उभी ऱ्हा. डॉक्टरनं पायाला रुई लावली की हात दाब. अर्धं तर मला कळंलच. जितं कळलं न्हाई तितं तू हायेस."

मी हो म्हणाले. मला भीती वाटली का? नाही. अण्णांना माझी गरज आहे, या गोष्टीनंच माझी छाती भरून आली होती.

डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकावर आलेला, बोलणं शांत. आधी रक्त तपासून आणायला लावलं. रिपोर्ट बघून भुवया वर गेल्या. "किती दिवस झाले पाण्याची तहान लागतेय?" "दोन-तीन सालं झाली असतील." "आणि आज येताय?" मग टेबलावर झोपवलं. डॉक्टरांनी बरणीतला कापूस काढून त्याची बारीक वात वळली. म्हणाले, "जन्मभर रुई वाहिलीत, आता रुईनं तुमची परीक्षा. डोळे मिटा. मी जिथे स्पर्श करेन तिथे हो म्हणायचं." मी उशाशी अण्णांचा डावा हात धरून उभी होते. डॉक्टरांना वाटलं असेल, लेकरू घाबरलंय.

स्पर्श कसा असतो ते कळावं म्हणून डॉक्टरांनी वात पहिल्यांदा अण्णांच्या हातावर, मनगटाच्या वर लावली. "हो," अण्णा लगेच म्हणाले. मी दाबायच्या आत. मला बरं वाटलं. मग डॉक्टर पायांकडे गेले. अंगठ्याला वात लागली. मी हात दाबला. "हो." तळव्याला. दाबला. "हो." टाच. "हो." एकदा डॉक्टरांनी वात नुसती हवेत धरली, लावलीच नाही. मी दाबलं नाही आणि अण्णा गप्प राहिले. मग सुईचं टोक. मी जरा जोरात दाबलं. "हो, टोचलं." डावा पाय, उजवा पाय, घोटे. एकही चूक झाली नाही. अण्णांचा तळहात मात्र घामानं निथळायला लागला होता. माझी बोटं दुखेपर्यंत त्यांनी ती आवळून धरली होती.

"छान," डॉक्टर म्हणाले. "साखर भयंकर आहे, गोळ्या सुरू करा, चहा बंद. पण पाय शाबूत दिसतात. देतो कागद." ते खुर्चीत बसले, कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. मी जिंकले होते. मला तिथेच उड्या माराव्याशा वाटत होत्या. अण्णांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"उघडा डोळे, झालं."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. तसेच पडून म्हणाले, "लिहू नका साहेब."

"का?"

"हो मी म्हनलं न्हाई." आणि त्यांनी हात वर उचलला. त्यात माझा हात होता. "हिनं म्हनलं. हिनं दाबलं की मी हो म्हनायलो. मला वाटलं व्हतं, अर्धं तर कळंलच. हातावर लावलं तवा कळलं. त्याच्यानंतर मी वाटच बघायलो व्हतो, आता एखादं तरी कळंल, आता एखादं तरी. एकबी कळलं न्हाई. डोळे झाकल्यावर मला पाय हायेत का न्हाईत तेच उमगंना." मग त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाले, "त्या लेकराच्या झोळीपुढं मी असा गेलतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, फाट्यावर तुमचा पाय ब्रेकवर नव्हता. मी बघितला व्हता."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. रागावतील असं वाटलं. पण ते रागावले नाहीत. "तू बघितलं व्हतंस," ते म्हणाले, "मंग सांगितलं का न्हाईस गं बाई?" मी रडायलाच लागले. अण्णांनी मला जवळ ओढून घेतलं. माझ्या वडिलांना काही होत नाही, याचा मला केवढा अभिमान होता. पण ते टेबलावर पडून लिहू नका म्हणाले तेव्हा मला जे वाटलं ते त्याहून कितीतरी मोठं होतं. माझ्या अंगावर काटा आला होता. आज हे लिहितानाही येतो.

पुढे अण्णांना जिनिंगमध्ये काट्यावर काम मिळालं, गाड्यांची वजनं लिहायचं. दोन्ही पाय शाबूत ठेवून ते म्हातारे झाले. माय रोज त्यांचे तळवे कंदिलाशी धरून बघायची. गयाबाईला त्यांनी नवा रांजण नेऊन दिला, तोही एस.टी.च्या टपावर ठेवून. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी परभणीहून परतताना आम्हाला ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. अण्णा कडेला बसले होते, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दवाखान्यातून निघाल्या निघाल्या घेतलेले. ते समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. एका गावाच्या पाटीजवळ आडव्या रस्त्यानं बैलगाडी आली. एस.टी.च्या ड्रायव्हरनं ब्रेक लावला, पण त्याच्याही क्षणभर आधी अण्णांचा उजवा पाय पुढे सरकला आणि खालच्या पत्र्यावर दाबून बसला, गाडी हळू होईपर्यंत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते शांतपणे रस्ता बघत होते. पुढे शेळ्या आडव्या आल्या, तेव्हा पुन्हा तसंच. मग वळणावर. मी मनात मोजायला लागले. मानवत येईपर्यंत अण्णांनी ती गाडी अशी नऊ वेळा थांबवली, आणि त्यांना ते एकदाही कळलं नाही.